सुपरवायझर झालात? आता चादर हातातून सोडा

हाऊसकीपिंगमध्ये बढती बहुतेकदा एकाच कारणाने मिळते: खोली तुमच्याइतकी चांगली कोणी लावत नाही. मलाही तशीच मिळाली. त्याआधी गोव्यातल्या डिचोलीहून सकाळची बस पकडून किनाऱ्यावरच्या हॉटेलात जायचे, दिवसाला चौदा खोल्या लावायचे आणि चारला बाहेर पडायचे. सुपरवायझर झाले आणि चारचे रात्रीचे नऊ वाजायला लागले. नवं काम अंगावर आलं, जुनं काही सुटलं नाही. मुली खोली लावून पुढे जायच्या आणि मी मागून जाऊन त्याच उशा परत फुगवायचे.

त्या पहिल्या सीझनला नाताळाच्या आगेमागे मी सलग अकरा दिवस डबल ड्युटी केली. अकराव्या दिवशी एक खोली न बघताच 'तयार' म्हणून फ्रंट ऑफिसला कळवली. पाहुणे सामान घेऊन वर गेले, तर बाथरूममध्ये आधीच्या माणसाचा ओला टॉवेल आणि कपाटात त्याचे बूट. सही माझी होती. गंमत म्हणजे बोलणी खावी लागलीच नाहीत. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर 'बघा, किती राबते' म्हणून माझं कौतुक केलं. ती शाबासकी मला बोलणी खाण्यापेक्षा महाग पडली, कारण पुढची दोन वर्षं मी तशीच राबत राहिले.

ज्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच चार-सहा माणसं आलीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं हॉटेलातली आहेत, कारण माझी वर्षं तिथे गेली. तुम्ही वेर्ण्याच्या औषध कारखान्यात असाल, कुंडईच्या वर्कशॉपमध्ये किंवा म्हापशाच्या दुकानात, तर चादरीच्या जागी तुमच्या हातातली वस्तू घाला.

पंधरा दिवस फक्त लिहा

आल्या आल्या काही बदलायला जाऊ नका. खिशात मावेल अशी वही घ्या. कोणीही तुम्हाला काही विचारलं की एका ओळीत टिपा: कोणी, किती वाजता, काय. 'मॅडम, ३०४ मध्ये जास्तीची उशी मागतात, देऊ?' 'मॅडम, लॉन्ड्रीचा टेम्पो आला, कपडे कोण मोजणार?' 'मॅडम, शॅम्पू संपले.' 'मॅडम, आज जरा लवकर सुटू का, नंतर बस नाही.' बाकी काही करायचं नाही. उत्तर द्यायचं आणि लिहायचं.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी येणारे फोन मात्र वेगळ्या पानावर लाल पेनाने लिहा. माझं लाल पान तिसऱ्या सुट्टीतच भरलं. ते वाचताना मला आधी बरंच वाटलं, आपल्यावाचून तिथे पान हलत नाही म्हणून. नवऱ्याने पानावर नजर टाकली आणि विचारलं, 'मग तू शिकवतेस काय त्यांना?' जेवण होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

पंधरा दिवसांनी वहीतल्या प्रश्नांचे तीन ढीग करा. काही प्रश्न नुसत्या माहितीचे असतात. काही हाताला काम येत नाही म्हणून पडलेले असतात. आणि काही परवानगीचे असतात: उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक असतं, पण तुमच्या तोंडून हवं असतं. तुमच्याही वहीत तिसरा ढीगच मोठा निघेल, असा माझा अंदाज आहे.

माहितीचा ढीग भिंतीवर लावा

हे काम एका दुपारचं आहे. टेम्पो किती वाजता येतो, जास्तीच्या चादरींच्या कपाटाची चावी कुठे टांगलेली असते, डाग पडलेलं कापड कोणत्या पिशवीत टाकायचं, एसी गळायला लागला तर कोणाला फोन करायचा. मोठ्या अक्षरांत लिहून पॅन्ट्रीत लावा. आमच्याकडे सत्तरी-पेडण्याच्या मुलींबरोबर झारखंड आणि ओडिशातली मुलंही होती, म्हणून मी हिंदीत लिहिलं आणि पिशव्यांची चित्रं काढली. चित्रांवरून माझी पुष्कळ थट्टा झाली. प्रश्न मात्र बंद झाले.

शॅम्पू-साबणासाठी फळीवर लाल चिकटपट्टी मारा. बाटल्यांमागून पट्टी दिसायला लागली की जो कोणी समोर असेल त्याने मागणीची चिठ्ठी लिहायची.

वही चाळताना चादरींचं गणितही तपासून घ्या. हॉटेलात दर बिछान्यामागे चादरींचे निदान तीन संच लागतात: एक गादीवर, एक धुलाईत, एक कपाटात. आमच्याकडे पावणेतीनही नव्हते. मुली टेम्पोची वाट बघत जिन्यात बसायच्या आणि मी त्यांना आळशी म्हणायचे. मग दुपारी दोनला चादरी आल्या की सगळ्यांची पळापळ, आणि संध्याकाळी ओव्हरटाईम. जादा तासांचं कारण माणसांत शोधण्याआधी कपाटात शोधा.

परवानगीचा ढीग: इथे वेळ घालवा

गोव्यात मालकाला 'पात्रांव' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पोर्तुगीज १९६१ साली गेले, शब्द राहिला. अर्धा आदराने, अर्धा चेष्टेने वापरतात. आता मालक तर लांब असतो, मडगावला नाहीतर मुंबईला. मजल्यावरच्या माणसांसाठी पात्रांव म्हणजे तुम्ही. पात्रांवाला विचारल्याशिवाय काही केलं आणि चुकलं तर बोलणी बसतात, विचारून केलं आणि चुकलं तर नाहीत, हे प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळतं. म्हणून उशीसुद्धा विचारून देतात.

यावर 'तुम्हीच ठरवा ना, मी कधी काही म्हटलंय का' असं सांगण्याचा शून्य उपयोग होतो. मी वर्षभर तसं सांगून पाहिलं. हद्द आखून द्यावी लागते, आणि ती आकड्यांत. आमची अशी होती: उशी, टॉवेल, पाण्याची बाटली, ब्लँकेट विचारायचं नाही, द्यायचं. पाहुण्याची तक्रार खरी वाटली तर ५०० रुपयांपर्यंतची भरपाई, म्हणजे फळांची प्लेट किंवा दोन-तीन कपड्यांची मोफत इस्त्री, जागेवर ठरवायची आणि लॉगबुकात लिहायची. खोली बदलून द्यायची तर फ्रंट ऑफिसशी थेट बोलायचं, मी मध्ये नाही. पैसे परत करणं, वस्तू हरवणं, कोणाशी भांडण, कोणाला इजा: इथे मात्र लगेच मला फोन, रात्र असो की सुट्टी. हा ५०० चा आकडा वरिष्ठांकडून आधी मंजूर करून घ्या, नाहीतर तुम्ही दिलेली हद्द महिन्याअखेर अकाउंट्सवाला पुसून टाकेल.

आमच्या खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधाला मानस असते, म्हणजे फळ्यांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून फळ्यांवर दाब देतं आणि फळ्या बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्या उघडतं. भरतीच्या वेळी रात्री उठून कोणाला दार लावायला जावं लागत नाही. पण फळ्या नीट बसवलेल्या असाव्या लागतात, आणि बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली आहेत का ते कोणीतरी बघत असावं लागतं. सुपरवायझरने आपला वेळ त्या बघण्यात घालवावा.

खरी परीक्षा पहिल्या चुकीच्या निर्णयाला होते. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या रूमबॉयने, सगळे त्यांना मामा म्हणत, एका पाहुण्याला फळांची प्लेट पाठवली. पाहुणा लबाड निघाला. त्याने आदल्या दिवशीही वेगळ्या तक्रारीवर काहीतरी उपटलं होतं. मॅनेजरने मला बोलावलं. 'मामांना विचारा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हटलं, 'हद्द मी दिली होती, त्यांनी हद्दीत राहून दिलं.' बाहेर मामा उभे होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवशी मी दुसरं काही बोलले असते तर दुसऱ्या सकाळपासून वही पुन्हा भरायला लागली असती. मामांना नंतर एकट्याने सांगितलं की आदल्या दिवसाचं लॉगबुक वाचून मग प्लेट पाठवत जा. ते म्हणाले, 'बरं.' आणि खरंच वाचायला लागले.

शिकवताना हात मागे

उरला हाताला काम न येण्याचा ढीग. तिथे शिकवावंच लागतं. शिकवायची रीत जुनी आणि साधी आहे: मी करते, तू बघ; मी करते, तू सांग पुढे काय; तू कर, मी बघते; तू कर, संध्याकाळी मला सांग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवखी माणसं कारखान्यांत भराभर तयार करायची होती, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाच्या सरकारी योजनेत अशाच चार पायऱ्या बांधून दिल्या गेल्या. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी त्या उचलल्या. म्हणजे रीत पारखलेली आहे. अडतो तो आपला हात.

वाळपईकडची एक मुलगी नवी आली होती. चादरीचा कोपरा शिकवत होते. लोंबणारी कड उचलून गादीवर तिरकी टाकायची, खाली उरलेली बाजू गादीखाली खोचायची, मग वरचा तिरका भाग सोडून तोही खोचायचा, म्हणजे पाकिटासारखा कोपरा बसतो. ती डावखुरी. तिची घडी उलटी पडत होती आणि दर वेळी माझा हात चादरीकडे जात होता. दोनदा मी तिच्या हातातून चादर ओढून घेतलीसुद्धा. तिसऱ्यांदा तिने स्वतःच चादर सोडली आणि बाजूला उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला कळलं की मी हिला चादर शिकवत नाहीये, बाजूला उभं राहायला शिकवते आहे.

मग मी हात मागे बांधले. एका कोपऱ्याला तिने चार मिनिटं घेतली. मला घाम फुटला, खाली तीन चेकआउट खोल्या पडून होत्या. पण आठवड्यात लक्षात आलं की भिंतीकडच्या बाजूला, जिथे आम्हा उजव्या हातवाल्यांना वाकडं व्हावं लागतं, तिथे तिचा हात सरळ चालतो. तिची जोडी एका उजव्या हाताच्या मुलीशी लावली. दोघी दोन बाजूंनी सुरू करायच्या, कोणाला पलंगाभोवती फिरावं लागत नसे. ही जोडी मला कधीच सुचली नसती.

एका वेळी एकालाच एकच गोष्ट शिकवा, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी. जून ते सप्टेंबर हा आपला शिकवण्याचा हंगाम. डिसेंबरात कोणी काही शिकत नाही, फक्त निभावतो.

रोस्टर: बस, चवथ आणि नाताळ

आता तास. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ साली आठवड्याला ७० तासांची गोष्ट काढली तेव्हा आमच्या मॅनेजरनी ती ब्रीफिंगमध्ये वाचून दाखवली होती. त्यांना मी पुढे ब्रिटनमधली एक जुनी गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत, बहुतेक बायकाच होत्या कामाला, तास आणि उत्पादन यांची नोंद ठेवली गेली होती. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ साली ती पुन्हा तपासली. साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे वाढ मंदावत गेली, आणि आठवड्याला ७० तास राबणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. चौदा तास कुठे गेले? माझा ओल्या टॉवेलचा किस्सा तिथेच बसतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. आणि आपल्या कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर हे जुनंच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या नव्या कामगार संहितांतही ते टिकलं आहे. 'जमलं तर कॉम्प ऑफ', म्हणजे जादा कामाच्या बदल्यात सुट्टी, 'देऊ' म्हणणाऱ्याला हे नम्रपणे दाखवता यावं.

रोस्टर करताना तीन गोष्टी मी अनुभवाने धरल्या. एक, आधी प्रत्येकाच्या बसची वेळ विचारा. संध्याकाळची कदंबा, म्हणजे सरकारी बस, चुकली तर सत्तरीची मुलगी घरी पोचत नाही. तिला सकाळची पाळी, हॉटेलच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मुलाला दुपारची. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास अशी ब्रेक शिफ्ट लांबून येणाऱ्याला कधीही देऊ नका. मधले चार तास तो हॉटेलच्या मागच्या पायरीवर बसून काढतो, आणि कागदावर आठ दिसणारी ड्युटी त्याला जाण्यायेण्याचा प्रवास धरून चौदा तासांची पडते.

दुसरं, जूनमध्येच प्रत्येकाकडून वर्षातले तीन दिवस लिहून घ्या, जे त्याला काहीही झालं तरी हवेत. गोव्यात हे सोपं जातं, कारण हिंदूंना चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हवी असते आणि गावची जत्रा, ख्रिस्ती मंडळींना नाताळ आणि गावच्या चर्चचं फेस्त. आमच्याकडे चवथीला ख्रिस्ती मुलींनी मजले सांभाळले आणि २४-२५ डिसेंबरला आम्ही. त्यांनी ते एकमेकींत ठरवलं, मी फक्त तक्ता टांगला. आधी दर चवथीला निम्मा स्टाफ 'आजारी' पडायचा, तो प्रकार थांबला. झारखंडच्या मुलांना मात्र तीन दिवसांत काही होत नाही, त्यांना सलग तीन आठवडे द्या, पावसाळ्यात.

तिसरं, वीकली ऑफ रद्द करायची वेळ आली तर सगळ्यांत शेवटी. त्याआधी काही खोल्यांची रोजची चादर-बदली पाहुण्याला विचारून दिवसाआड करता येते, पडदे-कार्पेटची कामं पुढे ढकलता येतात.

जाता जाता: बाहेरचे लोक गोवेकरांना 'सुशेगाद' म्हणजे आळशी समजतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ निवांत, शांत. पहाटे पाचला उठून दोन बस बदलून येणाऱ्या बाईला हा शब्द ऐकवणाऱ्यांना एकदा चौदा खोल्या लावायला द्याव्यात.

दहा मिनिटं, दर आठवड्याला

प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला, बसून. 'कसं चाललंय' विचारू नका, 'बरं चाललंय' एवढंच मिळतं. विचारा: या आठवड्यात कशाने वेळ गेला? काय शिकायचंय? मी काय करते ते तुला खटकतं? तिसऱ्याला पहिला महिना कोणी उत्तर देत नाही. मग मामांनी दिलं: 'तुम्ही खोलीत येता तेव्हा आधी वर बघता, धूळ कुठे दिसते का म्हणून. आधी आमच्याकडे बघा.'

गोड बोलून खोल्या कमी होत नाहीत

इतकं करूनही तास उतरत नसतील तर माणसंच कमी आहेत. हे मान्य करा आणि कागद घेऊन वर जा. आमचं गणित असं होतं: ८० खोल्या, माणशी चौदा, म्हणजे रोज सहा माणसं कामावर. मालकाने सहाच ठेवली होती. पण सहा माणसं सातही दिवस म्हणजे ४२ पाळ्या, आणि एक माणूस आठवड्यात सहाच पाळ्या करतो, म्हणजे सात माणसं लागतात. रजा-आजारपण धरलं तर आठ. डबल ड्युटीचं मूळ त्या दोन माणसांत होतं.

'पगार वाढतो' हे उत्तर येणार. त्यावर दुसरा कागद. कंटाळून एक मुलगी सोडून गेली की नवी चौदावर यायला महिना लागतो. त्या महिन्यात ती रोज सरासरी पाच खोल्या कमी लावते असं धरा. २६ दिवसांच्या १३० खोल्या. अर्ध्या तासाला एक, म्हणजे ६५ तास, ते दुसरं कोणीतरी ओव्हरटाईममध्ये करतं, दुप्पट दराने. १३० तासांची मजुरी, सोळा दिवसांचा पगार, दर वेळी कोणी सोडलं की. आधीच्या सीझनला आमचे पाच जण गेले होते. माणसं आठ झाली नाहीत, सात झाली. तेवढ्यावर मी पुढच्या वर्षी लढायचं ठरवलं.

'शिकवलं की सोडून जातात'

हे तुम्हाला जुने सुपरवायझर सांगतील, आणि खोटं नाही सांगत. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून पेडण्याच्या बाजूला माणसांची ओढाताण वाढलीच आहे. माझी डावखुरी मुलगीही गेली, दुसऱ्या हॉटेलात सुपरवायझर होऊन. राजीनाम्याची चिठ्ठी द्यायला आली तेव्हा मला राग आला होता, लपवला नाही. तिने जाताना हद्दीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून नेला.

तिच्या जागी आलेल्या मुलीला चादरीचा कोपरा मी शिकवला नाही. मी दारातून पाहिलं तेव्हा मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, हात मागे बांधून.